दोन कॅमेरे, एक चौकट: घरच्या संगणकावर स्प्लिट-स्क्रीन व्हिडिओ कसा करायचा

दोन गोष्टी एकाच क्षणी दिसायला हव्या असतील तरच पडदा दुभागावा. गिटार शिकवणाऱ्याचा चेहरा आणि त्याची तारांवरची बोटं, समोरासमोर बसून बोलणारी दोन माणसं, कळ दाबणारा हात आणि त्याच वेळी हलणारं यंत्र, हे त्याचे खरे प्रसंग. एरवी एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर साधा कट घेतलेला बरा. अर्ध्या पडद्यात प्रत्येक गोष्ट लहान होते, आणि फोनवर पाहणाऱ्याला तर ती फारच लहान दिसते.

या कामातल्या बहुतेक अडचणी चित्रीकरणाच्या वेळीच तयार होतात आणि संगणकावर बसल्यावर कळतात. म्हणून पहिल्या तीन पायऱ्या कॅमेऱ्यापाशीच उरकायच्या आहेत. त्या नीट झाल्या तर पुढे उरते ती सरळ बेरीज-वजाबाकी.

काय काय लागेल

• दोन कॅमेरे. दोन फोन चालतील, एक फोन आणि एक कॅमेराही चालेल.
• दोन ट्रायपॉड. हातात धरलेला कॅमेरा अर्ध्या चौकटीत फार हलतो, आणि शेजारचं अर्धं स्थिर असल्यामुळे ते हलणं दुप्पट जाणवतं.
• शक्य असेल तर कॉलरला लावायचा वेगळा माइक.
• आठ जीबी रॅमचा संगणक. सोळा असेल तर काम सुखाचं होतं.
• रिकामी जागा. ५० मेगाबिट प्रति सेकंद या दराने एका कॅमेऱ्याचं तासाभराचं चित्रीकरण २२.५ जीबी होतं. दोन कॅमेऱ्यांचे ४५ धरा आणि तात्पुरत्या फायलींसाठी तितकीच जागा आणखी ठेवा.
• एडिटिंगचं सॉफ्टवेअर. केडेनलाइव्ह मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, म्हणून खालचे आकडे त्याच्या पद्धतीने दिले आहेत. दा विंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही हेच काम होतं. त्यात आकडे कुठे बदलतात ते सातव्या पायरीत आहे.
• हँडब्रेक (व्हिडिओ फाइल बदलून घ्यायला) आणि मीडियाइन्फो (फाइलची माहिती पाहायला) ही दोन छोटी मोफत सॉफ्टवेअर्स.

१. पडदा उभा कापायचा की आडवा, ते आधी ठरवा

१९२० गुणिले १०८० ची चौकट मधोमध उभी कापली की प्रत्येक बाजूला ९६० गुणिले १०८० चा तुकडा येतो. म्हणजे जवळजवळ चौकोन, किंचित उभट. माणसाचा चेहरा आणि खांदे त्यात छान बसतात. गिटारची मान मात्र आडवी असते. ती या उभट तुकड्यात बसवायला गेलात तर एक तर मान कापली जाते, नाहीतर बोटं दाण्याएवढी होतात. अशा वेळी पडदा आडवा कापा. वर एक पट्टा, खाली एक, दोन्ही १९२० गुणिले ५४०. वाद्याचा कीबोर्ड, टाइप करणारे हात, ओट्यावर ओळीने मांडलेल्या वस्तू, अशा लांबट गोष्टींना हाच आकार योग्य.

आता महत्त्वाचं. कॅमेरा पूर्ण रुंद चौकट टिपतो आणि तुम्ही त्यातली निम्मीच वापरणार असता. म्हणून उभ्या विभागणीत विषय चौकटीच्या मधल्या निम्म्या भागातच राहायला हवा. फोनच्या पडद्यावर ग्रिड सुरू करा. मधला रकाना एक तृतीयांश रुंदीचा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा धरली की तुमची सीमा झाली. त्याहून सोपा उपाय म्हणजे फोनच्या पडद्यावर डावीकडून आणि उजवीकडून पाव-पाव भाग झाकेल अशा कागदी चिकटपट्ट्या लावणे. बोलणारा हातवारे करत पट्टीखाली गेला की लगेच दिसतं.

काहीही न कापता दोन्ही पूर्ण चित्रं शेजारी-शेजारी ठेवता येतात. मग प्रत्येकाचा आकार ९६० गुणिले ५४० होतो आणि वर-खाली २७० पिक्सेलचे काळे पट्टे उरतात. निम्मा पडदा वाया जातो. चित्राचा कुठलाच भाग गमावून चालणार नसेल, उदाहरणार्थ दोन संगणकांचे पडदे दाखवायचे असतील, तेव्हाच हे करा.

२. दोन्ही कॅमेरे एकमेकांना जुळते लावा

वेगवेगळ्या वेळी दिसणाऱ्या शॉटमधला फरक डोळा माफ करतो. शेजारी-शेजारी ठेवलेल्या चित्रांतला नाही. म्हणून दोन्हीकडे पुढच्या गोष्टी सारख्या ठेवा.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) टिपली जातात: दोन्हीकडे २५, किंवा दोन्हीकडे ३०. एक २५ आणि एक ३० असेल तर संगणक एका बाजूच्या फ्रेम गाळतो किंवा दुप्पट करतो, आणि तेवढीच बाजू अडखळत चालल्यासारखी दिसते. हात वेगाने हलणार असतील तर ५० किंवा ६० घ्या.

शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा कितवा भाग प्रकाश मिळतो: घरातले दिवे विजेच्या वारंवारतेप्रमाणे लुकलुकतात. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. हे चुकलं तर चित्रावरून काळपट पट्टे वर-खाली सरकतात. दोन्ही बाजूंना ते वेगवेगळ्या वेगाने सरकले तर नंतर काहीही करून जात नाहीत.

व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कसा दिसावा) आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ असावं): दोन्ही लॉक करा. ऑटोवर ठेवल्यास बोलणारा पुढे झुकला की चित्र उजळ-गडद होतं, आणि शेजारचं चित्र तसंच राहिल्याने ते लगेच डोळ्यात येतं. दोन्ही कॅमेऱ्यांसमोर एकच पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स घ्या.

एचडीआर (उजेड-सावलीचा जास्त मोठा पल्ला टिपणारी सोय): फोनमध्ये बंद करा. एचडीआर चित्र साध्या चित्राशेजारी आलं की फिकट, राखाडी किंवा उगाच भडक दिसतं.

उंची: दोन माणसं असतील तर दोघांचे डोळे चौकटीत एकाच उंचीवर हवेत आणि डोकी साधारण एकाच आकाराची. डावीकडच्या अर्ध्यात बसणाऱ्याने उजवीकडे पाहावं, उजवीकडच्याने डावीकडे. हे उलटं झालं की दोघं एकमेकांकडे पाठ करून बोलताहेत असं वाटतं, आणि चित्र आरशासारखं उलटवून ते दुरुस्त केलं तर शर्टावरची अक्षरं उलटी होतात.

फोन असेल तर विमान मोड लावा. मध्येच आलेला कॉल रेकॉर्डिंग थांबवू शकतो.

३. टाळी: सुरुवातीला एक, शेवटी एक

दोन्ही कॅमेरे सुरू करा, पाच सेकंद थांबा आणि दोघांनाही दिसेल अशा जागी एकदाच खणखणीत टाळी वाजवा. तळवे चिकटतात ती फ्रेम चित्रात दिसते आणि आवाजाच्या आलेखात त्याच जागी काटा उभा राहतो. एकाला दिसतं आणि दुसऱ्याला दिसत नाही अशी मांडणी असेल तर निदान आवाज तरी दोन्हीकडे पोचू द्या. त्यासाठी दोन्ही कॅमेऱ्यांचा स्वतःचा माइक सुरू असायला हवा, मग तुम्ही तो आवाज नंतर वापरा अथवा नको.

शेवटची टाळी बहुतेक जण विसरतात. दोन कॅमेऱ्यांची घड्याळं किंचित वेगळ्या वेगाने चालतात. दहा मिनिटांत फरक पडत नाही, पण तासाभराच्या चित्रीकरणात काही फ्रेमचा फरक सहज पडू शकतो. तो पडला की नाही, हे शेवटच्या टाळीवरून एका नजरेत कळतं. ती नसेल तर ओठांकडे टक लावून अंदाज बांधत बसावं लागतं.

टाळी कॅमेऱ्यांजवळच वाजवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो आणि २५ फ्रेम रेटला एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे साधारण १४ मीटरवरच्या कॅमेऱ्याला टाळी एक फ्रेम उशिरा ऐकू येते. खोलीत हा प्रश्न नाही, सभागृहात किंवा मैदानावर आहे.

मध्ये कॅमेरा बंद-चालू करू नका. केलाच, तर पुन्हा टाळी.

४. फायली संगणकावर घ्या आणि फ्रेम रेट तपासा

केबल लावा किंवा कार्ड काढून कार्ड रीडरने घ्या. मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो आणि त्याचा फ्रेम रेटही बदललेला असू शकतो. प्रोजेक्टसाठी एक फोल्डर करा, त्यात ‘डावा’ आणि ‘उजवा’ असे दोन. एडिटिंग सुरू झाल्यावर फायलींची नावं किंवा जागा बदलू नका, नाहीतर प्रोजेक्टला त्या सापडणार नाहीत.

अनेक कॅमेरे ४ जीबी झाली की पुढचं चित्रीकरण नव्या फाइलमध्ये टाकतात. ५० मेगाबिटच्या दराने हे साधारण दर ११ मिनिटांनी होतं. असे सगळे तुकडे क्रमाने, मध्ये जागा न सोडता लावायचे.

आता प्रत्येक फाइल मीडियाइन्फोमध्ये उघडा. ‘फ्रेम रेट मोड’ समोर ‘कॉन्स्टंट’ असेल तर पुढच्या पायरीवर जा. ‘व्हेरिएबल’ असेल तर थांबा. फोनच्या फायली बहुधा अशाच असतात: प्रकाश कमी झाला की फोन फ्रेम कमी घेतो, वाढला की पुन्हा जास्त. अशी फाइल एडिटिंगमध्ये तशीच घेतली तर सुरुवातीची टाळी जुळते, पाच मिनिटांनी आवाज पुढे जातो, दहा मिनिटांनी परत मागे. नवशिके इथेच सर्वांत जास्त वेळ घालवतात, कारण ते क्लिप सरकवत राहतात आणि मूळ रोग फाइलमध्ये असतो.

उपाय हँडब्रेकमध्ये आहे. फाइल उघडा, व्हिडिओच्या टॅबवर जा, फ्रेम रेटचा ठराविक आकडा निवडा आणि त्याखाली ‘कॉन्स्टंट’वर खूण करा. ‘सेम अ‍ॅज सोर्स’ ठेवू नका. दर्जाचा ‘आरएफ’ आकडा (जितका लहान तितका दर्जा चांगला) १६ ते १८ ठेवा, म्हणजे चित्र डोळ्याला मूळसारखंच राहतं, फाइल मात्र मोठी होते.

आकडा कोणता? इथे एक बारीक खोच आहे. फोनवरचे ३० हे खरोखर ३० च्या आसपास असतात, पण बऱ्याच कॅमेऱ्यांवर ‘३०’ लिहिलेलं असूनही फाइल २९.९७ ची असते. तुमचा दुसरा कॅमेरा २९.९७ दाखवत असेल तर फोनची फाइलही २९.९७ ला बदला आणि प्रोजेक्टही तोच ठेवा. हँडब्रेक अशा वेळी साधारण दर ३३ सेकंदांनी एक फ्रेम गाळतो, ते कोणाच्या लक्षात येत नाही. पण एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ही फाइल २९.९७ ची आहे असं समज’ अशी सेटिंग करून ३० ची फाइल चालवली, तर ती हळू चालते आणि तासाभरात ३.६ सेकंद मागे पडते.

५. प्रोजेक्ट उघडा

केडेनलाइव्हमध्ये नवा प्रोजेक्ट, १०८०पी (म्हणजे १९२० गुणिले १०८०), आणि फायलींचाच फ्रेम रेट. पहिली क्लिप आत घेताना तिच्या मापाप्रमाणे प्रोजेक्ट बदलायचा का, असं ते विचारू शकतं. ती क्लिप ४के (३८४० गुणिले २१६०) असेल किंवा उभी घेतलेली असेल आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, तर पुढचे सगळे आकडे चुकतील. नको म्हणा.

दोन व्हिडिओ एकदम चालवताना संगणक अडखळत असेल तर प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी सुरू करा. सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलची हलकी नक्कल करून तिच्यावर काम करतं आणि शेवटचा व्हिडिओ मूळ फायलींवरून काढतं. अडखळणाऱ्या चित्रावर जुळणी कधीही करू नका. काय चुकतंय, फाइल की संगणक, हे ओळखताच येत नाही.

६. दोन्ही क्लिप जुळवा

डाव्या बाजूची क्लिप खालच्या व्हिडिओ ट्रॅकवर, उजव्या बाजूची त्याच्या वरच्या ट्रॅकवर ठेवा. एका क्लिपवर उजवं क्लिक करून ‘सेट ऑडिओ रेफरन्स’, मग दुसरीवर ‘अलाइन ऑडिओ टू रेफरन्स’. सॉफ्टवेअर दोन्ही आवाज पडताळून दुसरी क्लिप जागेवर सरकवतं.

त्याच्यावर विसंबून पुढे जाऊ नका. टाइमलाइन पूर्ण मोठी करा, म्हणजे एकेक फ्रेम वेगळी दिसेल. टाळीचे दोन काटे एकाखाली एक आले का पाहा. मग चित्र पाहा: एका फ्रेममध्ये तळव्यांमध्ये फट, पुढच्या फ्रेममध्ये तळवे चिकटलेले. दोन्ही क्लिपमध्ये हे चिकटणं एकाच फ्रेमवर यायला हवं. अर्ध्या फ्रेमपर्यंतचा फरक राहणारच, कारण दोन्ही कॅमेऱ्यांची शटर एकमेकांना बांधलेली नाहीत. २५ ला तो जास्तीत जास्त २० मिलिसेकंद असतो आणि बोलण्यात जाणवत नाही. तालावर पडणारी बोटं दाखवायची असतील तर तो ५० फ्रेम रेटला निम्मा होतो.

आता शेवटच्या टाळीवर जा. तीही जुळली तर दोन्ही क्लिप निवडून त्यांचा गट करा, म्हणजे चुकून एकच सरकणार नाही. समजा, साठ मिनिटांनी उजवी क्लिप सहा फ्रेम मागे पडली आहे. वेग १००.००६७ टक्के करणं कागदावर बरोबर आहे, पण इतका बारीक आकडा सॉफ्टवेअर घेईलच असं नाही. त्यापेक्षा दर दहा मिनिटांनी, कोणी बोलत नसताना, उजवी क्लिप कापा, पुढच्या भागाच्या सुरुवातीची एक फ्रेम छाटा आणि तो भाग एक फ्रेम पुढे ओढून फट मिटवा. शांत क्षणी एक फ्रेम गेलेली कोणालाही कळत नाही.

७. अर्धे-अर्धे मांडा

हे काम कापाकापीच्या आधी करा. इफेक्ट लावलेली क्लिप कापली तर प्रत्येक तुकड्याला तो इफेक्ट मिळतो. आधी तीस तुकडे केलेत तर तिसांना लावत बसावं लागेल.

डावी क्लिप: चित्राची जागा आणि आकार बदलणारा ‘ट्रान्सफॉर्म’ इफेक्ट लावा, एक्सच्या (आडव्या जागेच्या) जागी उणे ४८० लिहा. आकार तसाच. चित्र डावीकडे सरकतं आणि त्याचा मधला भाग डाव्या अर्ध्यात येतो.

उजवी क्लिप: आधी कडा छाटणारा क्रॉप इफेक्ट, डावीकडून ४८० पिक्सेल. इफेक्ट टक्के मागत असेल तर २५. त्याच्याखाली ‘ट्रान्सफॉर्म’, एक्स ४८०.

इतकंच. डाव्या क्लिपला क्रॉप लागत नाही, कारण तिचा जास्तीचा भाग वरच्या ट्रॅकवरच्या उजव्या क्लिपखाली झाकला जातो.

इफेक्टचा क्रम वरून खाली चालतो आणि तोच नेमका चुकतो. ट्रान्सफॉर्म वर आणि क्रॉप खाली लागला तर क्रॉप आधीच सरकलेल्या चौकटीवर चालतो. तेव्हा २५ टक्क्यांनी काहीच कापल्यासारखं दिसत नाही, ५० टक्के लागतात. सीमा मध्यावर न येता डावीकडे सरकलेली दिसली तर प्रथम क्रम तपासा.

विषय मधोमध नसेल तर गणित असं. विषयाचा मध्य मूळ चित्रात कितव्या पिक्सेलवर आहे ते पाहा आणि त्यातून ४८० वजा करा. समजा मध्य १२०० वर आहे, तर उत्तर ७२०. हा विषय डाव्या अर्ध्यात हवा असेल तर एक्स उणे ७२०. उजव्या अर्ध्यात हवा असेल तर डावीकडून क्रॉप ७२०, म्हणजे ३७.५ टक्के, आणि एक्स ९६० वजा ७२०, म्हणजे २४०. उत्तर शून्य ते ९६० च्या बाहेर गेलं तर कडेला काळी पट्टी दिसेल. मग चित्र थोडं मोठं करण्याखेरीज इलाज नाही. एचडी चित्र ११० ते ११५ टक्क्यांपलीकडे मोठं केलं की मऊ पडतं. ४के मध्ये चित्रीकरण केलं असेल तर दुप्पट मोठं करेपर्यंत तपशील शिल्लक असतो.

आडव्या विभागणीला हेच वायवर (उभ्या जागेवर) करा: वरच्या अर्ध्यातली क्लिप वाय उणे २७०, खालच्या अर्ध्यातली क्लिप वरच्या ट्रॅकवर, तिला वरून २५ टक्के क्रॉप आणि वाय २७०.

रिझॉल्व्हमध्ये जागा चौकटीच्या मध्यापासून मोजतात, केडेनलाइव्हमध्ये डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून. आकार पूर्ण असेल तेव्हा वरचे आडवे आकडे दोन्हीकडे तेच येतात. चित्र निम्मं केलं की वेगळे होतात: डावीकडे ठेवायचं निम्मं चित्र केडेनलाइव्हमध्ये एक्स ०, वाय २७०, तर रिझॉल्व्हमध्ये झूम ०.५, एक्स उणे ४८०, वाय ०.

मध्ये रेघ हवी असेल तर सर्वांत वरच्या ट्रॅकवर रंगीत क्लिप टाका, रुंदी ८, उंची १०८०, एक्स ९५६. रुंदी-उंचीचं प्रमाण बांधून ठेवणारं साखळीचं चिन्ह आधी बंद करा. दोन्ही पार्श्वभूमी सारख्या रंगाच्या असतील तर ही रेघ जरूर घाला, नाहीतर दोन माणसं एकाच खोलीत चुकीच्या जागी कापून बसवल्यासारखी दिसतात.

८. आवाज एकच ठेवा

दोन्ही कॅमेऱ्यांचे आवाज सुरू राहिले तर बोलणं डब्यातून आल्यासारखं ऐकू येतं. एकच आवाज दोन माइकना किंचित वेगळ्या वेळी पोचतो आणि मिसळताना काही सूर एकमेकांना खातात. चांगला आवाज ठेवा, दुसरा ट्रॅक म्यूट करा. पुसू नका, जुळणी पुन्हा तपासायला तोच लागतो.

९. रंग

एका बाजूला हात लावायचा नाही, दुसरी तिच्याजवळ आणायची. आधी उजेड, मग पांढरा रंग, मग त्वचा. रंग जुळवताना रेघेपाशीच पाहा, फरक तिथेच उठून दिसतो.

१०. फाइल काढा

फाइलचा प्रकार एमपी४, चित्र दाबण्याची पद्धत एच.२६४, प्रोजेक्टचाच फ्रेम रेट. युट्यूब १०८०पी साठी ३० पर्यंतच्या फ्रेम रेटला ८ मेगाबिट आणि ५०-६० ला १२ मेगाबिट सुचवतं. दोन हलती चित्रं एका चौकटीत असतात, म्हणून त्याहून थोडं जास्त द्या, १२ आणि १८ ठीक. आवाज एएसी पद्धतीचा, ४८ किलोहर्ट्झ, १९२ किलोबिट.

पूर्ण व्हिडिओ काढण्याआधी सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा एकेक मिनिट काढून पाहा. फोनवरही पाहा. मधली रेघ सरळ आहे का, शेवटच्या मिनिटात ओठ आणि आवाज जुळतात का, बोटं ओळखू येतात का.

थेटच रेकॉर्ड करायचं असेल तर

दोन वेबकॅम असतील तर ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंगच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जुळणी आणि मांडणी जागच्या जागी होते. ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ दोनदा जोडा, अल्ट दाबून कडा आत ओढली की क्रॉप होतो. नेमके आकडे ‘एडिट ट्रान्सफॉर्म’मध्ये भरता येतात.

दुसरा वेबकॅम सुरूच होत नसेल तर बहुधा दोन्ही एकाच यूएसबी हबवर आहेत. न दाबलेलं १०८०पी चित्र ३० फ्रेमना सेकंदाला जवळजवळ १००० मेगाबिट मागतं, आणि यूएसबी २.० ची कमाल ४८० आहे. दोन्ही कॅमेऱ्यांच्या चित्राचा प्रकार एमजेपेग (दाबलेलं चित्र) करा आणि त्यांना संगणकाच्या वेगवेगळ्या पोर्टमध्ये लावा.

एक कॅमेरा दुसऱ्याच्या मागे असेल तर टाळीने फरक मोजा आणि पुढे असणाऱ्याला ‘व्हिडिओ डिले’ फिल्टर लावा. ३० फ्रेम रेटला चार फ्रेम म्हणजे १३३ मिलिसेकंद. माइकही तितकाच पुढे असेल तर आवाजाच्या प्रगत सेटिंगमधल्या ‘सिंक ऑफसेट’मध्ये तोच आकडा भरा. रेकॉर्डिंग एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा. वीज गेली किंवा सॉफ्टवेअर बंद पडलं तरी तोपर्यंतचं चित्रीकरण वाचतं, साध्या एमपी४ चं तसं नाही. नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूतल्या ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ने त्याची एमपी४ करा. दर्जा तसाच राहतो आणि कामही पटकन होतं.